रानफुलांचा सोबती : कार्ल लिनीअस

भगिनींनो, आपण रोज देवाला फुले वाहतो. जास्वंद गणपतीला, बेल शंकराला, पारिजातक विष्णूला. या फुलझाडांना आपल्या घरातली नावे आहेत आणि प्रांताप्रांतात ती बदलतातही. परंतु जगातल्या कोणत्याही देशातल्या वनस्पतिशास्त्रज्ञाला कळावे असे प्रत्येक झाडाचे एक शास्त्रीय नावही असते. जास्वंद, पारिजातक, झेंडू, बहावा, कळलावी या सर्वांना ते नाव देणारा मनुष्य एकच. तो आपल्या देशात कधी आला नाही. तो होता दूर उत्तरेकडच्या स्वीडन देशातला एका खेड्यातील धर्मोपदेशकाचा मुलगा, कार्ल लिनीअस. शहाण्यासुरत्या माणसांनी ज्याला रिकामा उद्योग म्हटले, तो रानात फुले शोधण्याचा उद्योग त्याने जन्मभर केला. त्याचे चरित्र आपल्यासारख्या गृहिणींनाही वाचण्यासारखे आहे.

कार्लचा जन्म २३ मे १७०७ रोजी स्वीडनच्या दक्षिण भागातील रोशूल्ट या गावी झाला. वडील निल्स हे तेथील चर्चमध्ये धर्मोपदेशक होते. त्यांच्या पूर्वजांच्या जमिनीवर लिंडेनचे एक जुने मोठे झाड होते. त्या झाडावरूनच वडिलांनी लिनीअस हे आडनाव घेतले होते. म्हणजे या मुलाचे आडनावसुद्धा झाडाचेच! वडिलांना बागेचा भारी नाद. बाळ रडू लागले की त्याच्या हातात फूल द्यावे आणि ते गप्प व्हावे, असे सांगतात. चारपाच वर्षांचा झाल्यावर कार्ल वडिलांच्या मागे मागे फिरून प्रत्येक झाडाचे नाव विचारी आणि लगेच विसरून जाई. शेवटी वडिलांनी बजावले की सांगितलेले नाव पुन्हा विसरलास तर यापुढे एकही नाव सांगणार नाही. त्या दिवसापासून मुलाने नावे पाठ करण्याचा ध्यास घेतला.

आईचे नाव क्रिस्टिना. ती स्वतः धर्मोपदेशकाची मुलगी. थोरल्या मुलाने वडिलांच्या पाठीमागे त्यांची जागा चालवावी, एवढीच तिची इच्छा होती. त्यासाठी पोटाला चिमटा घेऊन मुलाला वेक्शो या गावी शाळेत ठेवले. परंतु कार्लचे लक्ष पुस्तकात कमी आणि गावाबाहेरच्या माळावर जास्त. १७२६ मध्ये वडील चौकशीला गेले, तेव्हा शिक्षकांनी स्पष्टच सांगितले की या मुलाच्या हातून धर्मशास्त्राचा अभ्यास होणे नाही, त्याला शिंप्याकडे किंवा जोडे शिवणाऱ्याकडे उमेदवारीला ठेवावे. बापाच्या मनाला किती लागले असेल! त्याच वेळी योहान रोथमन या डॉक्टर असलेल्या शिक्षकाने मात्र मुलाची बाजू घेतली. हा मुलगा चांगला वैद्य होईल, असे सांगून त्याने कार्लला आपल्या घरी ठेवून घेऊन शिकवण्याची तयारी दाखवली. त्या काळी औषधे बहुतेक झाडपाल्याचीच असत, त्यामुळे वैद्याला वनस्पती ओळखता येणे जरुरीचे होते. वडिलांनी ते मानले, पण आईला कित्येक दिवस सांगण्याचा धीर त्यांना झाला नाही. कळल्यावर तिने फार दुःख केले. सगळा दोष तिने त्या बागेला दिला आणि धाकट्या सॅम्युएलला बागेत पाऊल टाकण्यास मनाई केली. पुढे सॅम्युएल खरोखरच वडिलांच्या जागी धर्मोपदेशक झाला. तरी त्यानेही मधमाश्यांवर पुस्तक लिहिलेच!

कार्ल आधी लुंड येथे आणि १७२८ पासून उप्सालाच्या विद्यापीठात शिकू लागला. जवळ पैसा नव्हता. फाटक्या जोड्यात कागद घालून तो थंडीतून चाले. १७२९ मध्ये एक दिवस विद्यापीठाच्या बागेत तो फुले न्याहाळत बसला असता ओलोफ सेल्सिअस या विद्वान प्राध्यापकाची त्याच्यावर नजर गेली. त्यांनी दोनचार प्रश्न विचारले. या गरीब मुलाने वाळवून कागदावर चिकटवलेल्या शेकडो वनस्पती जमवल्या आहेत हे कळताच त्यांनी त्याला आपल्या घरी राहायला नेले. तिथून त्याचे दिवस पालटले.

त्या सुमारास लिनीअसच्या मनात फुलांची वर्गवारी करण्याची एक युक्ती आली. फुलाच्या मध्यभागी परागकणांचे जे दांडे असतात ते पुंकेसर आणि ज्याच्या तळाशी पुढे बी धरते तो स्त्रीकेसर. यांची मोजणी करून झाडांचे गट पाडावेत, अशी ती युक्ती. कोणीही साधा मनुष्य फूल हातात घेऊन मोजू शकेल, इतकी ती सोपी होती. पण फुलांच्या नर-मादीविषयी उघड लिहिणे काही लोकांना असभ्य वाटले. सीगेसबेक नावाच्या एका पंडिताने त्याच्यावर फार कडक टीका केली. त्याचे नाव लिनीअसने एका चिकट, क्षुल्लक दिसणाऱ्या रोपट्याला दिलेले आहे, आणि ते आजही तसेच चालते. आज ही मोजणीची पद्धत मागे पडली आहे. परंतु पन्नाससाठ वर्षे साऱ्या युरोपात तिचाच अंमल होता.

आता त्याच्या सर्वांत मोठ्या प्रवासाकडे वळू. स्वीडनच्या उत्तरेला लॅपलँड हा बर्फाचा, दलदलीचा आणि डोंगरांचा मुलूख आहे. तेथे सामी लोक रेनडियर नावाची हरणे पाळून राहतात. तेथील वनस्पती कोणी नीट पाहिलेल्या नव्हत्या. उप्सालाच्या विज्ञानसंस्थेने थोडे पैसे दिले आणि लिनीअस १७३२ मध्ये, त्या वेळच्या स्वीडिश पंचांगाप्रमाणे १२ मे रोजी, एकटाच घोड्यावर बसून निघाला. दुसऱ्या दिवशी त्याला पंचवीस वर्षे पुरी होणार होती. त्याचे सामान पाहिले तर आपल्याला हसू येईल. एक सदरा, बदलायला जोडीच्या बाह्या, दौत, लेखणी, कंगवा, बारीक वस्तू पाहण्याचे भिंग, चिलटे तोंडाला चावू नयेत म्हणून जाळीची टोपी, वही, आणि फुले दाबून वाळवण्यासाठी शिवलेल्या कागदांचा एक गठ्ठा. पाच महिन्यांच्या प्रवासाला एवढीच शिदोरी!

आपल्याकडे वसंत म्हणजे चैत्र-वैशाख. पळस, पांगारा, सावर ही झाडे पाने गाळून रानात पेटल्यासारखी फुलतात. तिकडचा वसंत निराळा. सहा महिने बर्फाखाली झोपलेली जमीन एप्रिल-मे महिन्यांत उघडी पडते आणि आधी फुलतात ती जमिनीलगतची इवलीशी रोपे. मोठ्या झाडांना पाने फुटली की खाली सावली पडते, म्हणून त्याआधीच्या थोड्या दिवसांत ऊन घेऊन ही रोपे आपले काम उरकून टाकतात. उप्सालाच्या आसपास पानझडीच्या रानात निळी हेपॅटिका आणि पांढरी अ‍ॅनिमोनी गालिच्यासारखी पसरतात. ओढ्याकाठच्या ओल्या जागी पिवळी धमक कॅल्था फुलते. कोरड्या कुरणात पिवळ्या प्रिम्युलाचे झुबके डुलतात. जागा बदलली की फूल बदलते, ही गोष्ट लिनीअसने लहानपणापासून पाहिली होती. लॅपलँडमध्ये तिचा त्याला पुरता अनुभव आला.

जूनच्या सुरुवातीला तो लिक्सेलेच्या बाजूला दलदलीत शिरला. बर्फ वितळून नद्या फुगलेल्या, पाय टाकावा तिथे गुडघाभर गार पाणी, खायला धड काही नाही. तिथून पुढे जाणे अशक्य झाले आणि त्याला मागे फिरावे लागले. पण त्याच दलदलींतून त्याला एक नाजूक झुडूप भेटले. शेवाळाच्या उंचवट्यावर उभे, पाय पाण्यात, कळ्या लालबुंद आणि उमलल्यावर फूल फिकट गुलाबी. ग्रीक पुराणात अँड्रोमेडा नावाच्या राजकन्येची गोष्ट आहे. तिला समुद्रातल्या राक्षसाला बळी देण्यासाठी खडकाला साखळदंडांनी बांधले होते. सभोवार पाणी, बेडूक, सरडे आणि मध्ये हे एकटे सुंदर फूल पाहून लिनीअसला ती राजकन्या आठवली आणि त्याने झुडपाचे नाव अँड्रोमेडा ठेवले.

गर्द पाइनच्या रानात, जिथे ऊन क्वचितच पोहोचते, तिथे शेवाळावर पसरणारी एक बारीक वेल त्याची फार आवडती होती. तिच्या एका देठावर दोन गुलाबी घंटा जोडीने लोंबतात. ही वेल रानात दडून राहते, दिवस थोडे फुलते, कोणाच्या नजरेत भरत नाही. त्याच्या नावावरून पुढे तिला लिनीआ असे नाव मिळाले. एवढ्या कीर्तिमान माणसाने आपल्या नावासाठी गुलाब किंवा कमळ पसंत न करता ही साधी वेल पसंत केली, ही गोष्ट मला फार आवडते. त्याच्या काही चित्रांतही त्याच्या हातात हेच फूल दिसते.

जुलै महिन्यात तो नॉर्वेच्या हद्दीवरील उंच डोंगरांवर चढला. उप्सालात वसंत संपून उन्हाळा लागला होता. पण डोंगरावर बर्फ नुकते वितळत होते, म्हणजे तेथे वसंताला आता प्रारंभ झाला होता! एका वर्षात त्याला दोनदा वसंत भेटला. जसजसे उत्तरेकडे जावे किंवा उंच चढावे, तसतसा वसंत उशिरा येतो, हे त्याचे कारण. वर एकही झाड नव्हते. वाऱ्यापासून जपण्यासाठी रोपे जमिनीला उशीसारखी चिकटलेली, आणि त्यांच्यावर अंगापेक्षा मोठी फुले. जवळजवळ प्रत्येक रोपटे नवे, त्यामुळे आता काय पाहू आणि काय टिपून घेऊ, असे त्याला होऊन गेले. आठ पांढऱ्या पाकळ्यांचे एक डोंगरी फूल आहे. त्याला पुढे त्याने ड्रायस ऑक्टोपेटाला, म्हणजे आठ पाकळ्यांची ड्रायस, असे नाव दिले. डोंगर उतरून नॉर्वेच्या समुद्रकिनाऱ्याकडे गेल्यावर पुन्हा उन्हाळा! तेथे पिकलेली रानटी स्ट्रॉबेरी त्याने पोटभर खाल्ली. १० ऑक्टोबरला तो उप्सालास परतला. प्रवास केला त्याहून लांबचा असल्याचे त्याने संस्थेला दाखवले, असे नंतरच्या अभ्यासकांनी पडताळून सांगितले आहे. थोर माणसेही माणसेच असतात. परंतु फुलांची टिपणे मात्र त्याने जिथल्या तिथे, रोजच्या रोज केली होती. १७३७ मध्ये ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली.

ते पुस्तक पाहायला त्याची आई नव्हती. १७३३ मध्ये, तो लॅपलँडहून परतल्यानंतर वर्षाच्या आतच, ती गेली. वय अवघे पंचेचाळीस. मुलाने वाया घालवलेले आयुष्य पुढे देशाचे भूषण होणार आहे, हे तिला कळलेच नाही. ही गोष्ट वाचून कोणत्या आईचे मन गलबलणार नाही?

१७३५ च्या आरंभी फालून गावी लिनीअसचा विवाह सारा एलिझाबेथ या डॉक्टरच्या मुलीशी ठरला. मुलीच्या वडिलांनी अट घातली की परदेशी जाऊन वैद्यकाची पदवी घ्यावी, लग्न नंतर. तो हॉलंडला गेला. पदवी थोड्याच दिवसांत मिळाली, परंतु त्याच वर्षी त्याचे ‘सिस्टेमा नॅच्युरी’ हे पुस्तक छापले गेले, नाव झाले, आणि क्लिफर्ड या धनाढ्य गृहस्थाने आपल्या प्रचंड बागेचे काम त्याच्याकडे सोपवले. तो १७३८ मध्ये परतला आणि १७३९ मध्ये लग्न झाले. सारा एलिझाबेथ इतकी वर्षे वाट पाहत थांबली होती. तिला सात मुले झाली, त्यांतली पाच वाचली. घर, शेत, नोकरचाकर, जेवायला येणारे विद्यार्थी, सारे तिनेच सांभाळले. चरित्रकारांनी तिला कडक आणि करारी म्हटले आहे. परंतु सगळे लक्ष फुलांत असलेल्या माणसाचा संसार करारीपणावाचून कसा चालला असता?

१७४१ मध्ये लिनीअस उप्सालाला प्राध्यापक झाला. त्याने विद्यार्थ्यांना वर्गात कोंडून ठेवले नाही. वसंत सरून दिवस मोठे झाले की सकाळी तो त्यांना घेऊन गावाबाहेर पडे. आसपासच्या आठ वाटा त्याने ठरवून ठेवल्या होत्या. कुठे ओले कुरण, कुठे पाइनचे रान, कुठे खडकाळ टेकडी, कुठे नदीकाठ, कुठे दलदल. जागेप्रमाणे फुले निराळी, म्हणून वाटा निराळ्या. सर्वांनी सैल, हलके कपडे घालायचे. एकाने टिपण घ्यायचे, एकाने शिस्त राखायची. मुले चोहीकडे पांगून फुले आणीत आणि मग लिनीअस एकेक फूल हातात धरून सांगे. कधी कधी शंभर-दोनशे मंडळी असत. संध्याकाळी टोपीत फुले खोचून, ढोल आणि शिंगे वाजवीत ही मिरवणूक गावात परते आणि लिनीअसचा जयजयकार होई. विद्यापीठातल्या काही गंभीर मंडळींना हा उत्साह रुचला नाही. अभ्यास म्हटला म्हणजे कपाळाला आठ्या हव्यातच, असे समजणारे लोक सगळीकडे असतात! त्या वाटांवर आज खुणा लावून ठेवल्या आहेत आणि लोक अजून त्या वाटांनी फुले पाहत हिंडतात.

वसंत केव्हा येतो, कोणत्या झाडाला पालवी केव्हा फुटते, कोणते फूल केव्हा उमलते, याची तो तारीखवार नोंद ठेवी. झाडाची पालवी पाहून शेतकऱ्याने पेरणीचा दिवस ठरवावा, असा त्याचा विचार होता. १७५६ मध्ये त्याने असे फुलांचे पंचांगच प्रसिद्ध केले. दिवसाच्या कोणत्या प्रहरी कोणते फूल उघडते आणि मिटते, यावरून त्याने फुलांचे घड्याळही कल्पिले होते. आपल्याकडे गुलबक्षी उमलली की दिवेलागण जवळ आली, असे जुन्या बायका समजत. ती दृष्टी हीच.

त्याचे सर्वांत मोठे कार्य १७५३ मध्ये झाले. त्यापूर्वी एका झाडाचे शास्त्रीय नाव म्हणजे एक लांबलचक लॅटिन वाक्य असे. लिनीअसने प्रत्येक झाडाला दोनच शब्द दिले. पहिला कुळाचा आणि दुसरा त्या झाडाचा स्वतःचा, म्हणजे जणू आडनाव आणि पाळण्यातले नाव. सुमारे सहा हजार वनस्पतींना त्याने या ग्रंथात अशी नावे दिली. पारिजातकाचे नाव निक्टॅन्थिस आर्बोर-ट्रिस्टिस. त्याचा अर्थ रात्री फुलणारे दुःखी झाड. आपल्या पुराणातही पारिजातकाची कथा दुःखाचीच आहे, हा योगायोग पाहा. कळलावीचे नाव ग्लोरिओसा सुपर्बा, म्हणजे वैभवशाली. बहावा म्हणजे कॅसिया फिस्टुला.

न पाहिलेल्या आपल्या देशातली झाडे त्याला कशी कळली? मलबारच्या वनस्पतींवर डच अधिकारी व्हॅन रीड याने काढलेला ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात अ‍ॅमस्टरडॅमला छापला गेला होता. त्याचा लिनीअसला मोठा आधार झाला. त्या ग्रंथाच्या कामात केरळचे वैद्य इट्टी अच्युतन यांच्याबरोबर रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट हे कोचीनचे तीन कोकणी वैद्य होते. त्यांचे १६७५ चे कोकणी भाषेतील प्रशस्तिपत्र नागरी अक्षरांत त्या ग्रंथात छापलेले आहे. म्हणजे लिनीअसच्या कीर्तीत आपल्या वैद्यांच्या ज्ञानाचाही वाटा आहे.

त्याच्या कार्याला एक काळी बाजूही आहे. त्याने माणसांचीही खंडांनुसार वर्गवारी केली आणि १७५८ च्या आवृत्तीत प्रत्येक गटाला बरेवाईट स्वभाव चिकटवले. युरोपच्या लोकांना तेवढे चांगले म्हटले. फुलांबाबत इतका डोळस असलेला मनुष्य माणसांबाबत ऐकीव गोष्टींवर विसंबला, आणि त्याचे वाईट परिणाम पुढे पुष्कळांना भोगावे लागले.

त्याची थोरली मुलगी एलिझाबेथ क्रिस्टिना हिला बापाची नजर मिळाली होती. मुलगी म्हणून तिला विद्यापीठ बंद होते. एके उन्हाळ्यात तिन्हीसांजेला बागेत नॅस्टर्शियमची नारिंगी फुले क्षणभर लखलखल्यासारखी तिला दिसली. तिने पुन्हा पुन्हा पाहून खात्री केली आणि त्यावर लेख लिहिला. तो १७६२ मध्ये, तिच्या एकोणिसाव्या वर्षी, स्वीडनच्या विज्ञान अकादमीने छापला. पुढे अंधुक प्रकाशात आपल्या डोळ्यालाच तसा भास होतो, असा त्याचा उलगडा झाला. तिचे लग्न मात्र सुखाचे झाले नाही. ती माहेरी परत आली आणि १७८२ मध्ये, चाळिशी ओलांडण्यापूर्वीच, वारली. तिला भावासारखे शिक्षण मिळाले असते तर काय झाले असते, हा विचार मनातून जात नाही.

लिनीअसच्या अखेरच्या दिवसांची हकीकत करुण आहे. १७७४ पासून त्याला पक्षाघाताचे झटके आले आणि स्मृती गेली. आपलीच पुस्तके चाळताना ती किती सुंदर लिहिली आहेत असे त्याला वाटे, पण आपणच ती लिहिली हे आठवत नसे, असे सांगतात. हजारो झाडांना नावे देणाऱ्याला शेवटी स्वतःचे नावही आठवेना. १० जानेवारी १७७८ रोजी त्याचा अंत झाला. उप्सालाच्या मोठ्या चर्चमध्ये त्याची समाधी आहे. मुलगाही १७८३ मध्ये वारल्यावर सारा एलिझाबेथने तो सारा संग्रह इंग्लंडच्या जेम्स स्मिथ यांना विकला. लॅपलँडच्या सफरीनंतर अडीच शतकांहून अधिक काळ लोटला, तरी त्याच्या हातची वाळवलेली फुले लंडनच्या लिनिअन सोसायटीत जपून ठेवलेली आहेत.

भगिनींनो, रानफुले पाहायला लॅपलँडला जायला नको. आपल्याकडे वसंतात झाडे फुलतात आणि जमिनीवरची रानफुले श्रावण-भाद्रपदात. कातळावर निराळी, ओढ्याकाठी निराळी, रानाच्या सावलीत निराळी. चैत्राच्या हळदीकुंकवाच्या दिवसांत एक सकाळ आणि भाद्रपदात एक सकाळ मंडळाने जवळच्या टेकडीवर जावे. फुले खुडू नयेत, नुसती पाहावीत. ज्या आजीबाईंना झाडांची जुनी नावे येतात त्यांना आग्रहाने बरोबर घ्यावे, आणि ती नावे वहीत लिहून ठेवण्यासाठी मुलींना हाताशी धरावे. ती नावे अजून कोणी छापलेली नसतील, तर आपल्या वहीशिवाय ती राहणार नाहीत.